संघ नव्यानं बांधताना: बेसबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरू लागला की सांगली-साताऱ्यातल्या शाळा-महाविद्यालयांत बेसबॉलच्या निवड चाचण्या सुरू होतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे: जुना संघ पांगला, हाताशी नवखी मुलं आहेत आणि यादी द्यायची तारीख जवळ आली आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संघातले नऊ जण यंदा पदवी घेऊन बाहेर पडले. उरलेले बहुतेक पहिल्या वर्षाचे. शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी सोळा जणांची यादी करायची आहे. सुरुवात कुठून करावी? – शारीरिक शिक्षण संचालक, विटा

फटकेबाजांपासून करू नका. मैदानाच्या मधल्या रेषेवरच्या पाच जागा आधी भरा: पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर (बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बसून तो घेणारा), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला), सेकंड बेस आणि सेंटर फील्ड (मागच्या मैदानाचा मधला). नवखा संघ फटके कमी पडल्यामुळे क्वचितच हरतो. तो हरतो फुकट दिलेल्या बेसमुळे. चार बॉल (चौकटीबाहेरचे चेंडू) टाकून दिलेला बेस, कॅचरच्या मागे निसटलेला चेंडू, घाईत केलेली उंच फेक; एका डावात अशा तीन गोष्टी झाल्या की समोरच्याला बॅट फिरवायचीही गरज उरत नाही. म्हणून चेंडू सगळ्यात जास्त वेळा ज्यांच्या हातात येतो, त्या जागा प्रथम.

सोळांची विभागणी अशी करून बघा: निव्वळ पिचर तीन, कॅचर दोन, इनफील्डचे (बेसजवळचे) सहा, आउटफील्डचे (मागच्या मैदानातले) चार आणि एक जागा फक्त बॅटिंगसाठी किंवा फक्त पळण्यासाठी. इनफील्ड-आउटफील्डच्या दहा जणांत आणखी तिघे तरी पिचिंग करू शकणारे हवेत आणि एकाला कॅचरचं साहित्य चढवून उभं राहता आलं पाहिजे. दुसरा कॅचर नसलेली यादी धोक्याची असते. पहिल्याच्या अंगठ्याला फाउल (बॅटला चाटून मागे आलेला) चेंडू लागला की सामना तिथंच संपतो.

चाचणीला टेप आणि स्टॉपवॉच पुरे. पिचरसाठी १८.४४ मीटरवर दोन काठ्यांमध्ये दोऱ्या बांधून चौकट करा. रुंदी होम प्लेटइतकी (बॅटिंग करणाऱ्यासमोरच्या पाटीइतकी), म्हणजे ४३ सेंटिमीटर; उंची गुडघ्याखालून छातीच्या मध्यापर्यंत. प्रत्येकाला वीस चेंडू टाकायला द्या. वीसपैकी अकरा-बारा चौकटीतून नेणारा मुलगा वेगानं कमी असला तरी घ्या. वेगवान पण सहाच नेणारा असेल तर त्याला यादीत ठेवा, पण पहिल्या सामन्याचा पिचर करू नका. शॉर्टस्टॉपसाठी जमिनीलगतचे दहा चेंडू त्याच्या उजव्या हाताला खोलवर मारा आणि त्यातल्या किती फेका पहिल्या बेसवर छातीच्या उंचीला आल्या ते मोजा. पळण्यासाठी होम ते पहिला बेस, २७.४३ मीटर, मात्र बॅट फिरवून मगच धाव. नुसती शर्यत लावली तर बॅटच्या झोक्यानंतर तोल सावरायला ज्याला वेळ लागतो तो सापडत नाही.

आता कॅचर. पिचर टाकत असतानाच पहिल्या बेसवरून निघालेला, म्हणजे बेस चोरणारा, चपळ धावक ३.४ ते ३.५ सेकंदांत दुसरा बेस गाठतो. पिचरच्या हालचालीला १.३ सेकंद आणि कॅचरच्या ग्लोव्हपासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत (अंतर ३८.८ मीटर) २ सेकंद, असे ३.३ झाले, उरलेल्या क्षणात टॅग, म्हणजे चेंडू धरलेल्या ग्लोव्हनं धावकाला स्पर्श. नवख्या जोडीचे आकडे १.६ आणि २.५ असे येतात, म्हणजे ४.१, प्रत्येक धावक सुखरूप. इथं बहुतेक प्रशिक्षक कॅचरच्या खांद्यामागे लागतात. आधी पिचर सुधारा. धावक बेसवर असताना पुढचा पाय उंच न उचलता जमिनीलगत सरकवून टाकायला शिकवलं तर ०.२-०.३ सेकंद काही आठवड्यांत वाचतात. कॅचरला तेवढंच कमवायला अख्खा मोसम लागू शकतो.

तुम्ही पत्रात तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाबद्दल लिहिलंय: फटका जोरदार, पण पळत नाही आणि फेकही कमकुवत. स्पर्धेत पिचरऐवजी बॅटिंग करणारा खेळाडू, म्हणजे डीएच, चालत असेल तर ती सोळावी जागा त्याची. चालत नसेल तर त्याला पहिल्या बेसवर उभं करता येतं का ते बघा. तेही जमत नसेल तर जागा पहिल्या वर्षाच्या मुलाला द्या. ज्येष्ठतेच्या मानापोटी दिलेली जागा दोन वर्षं खेळू शकणाऱ्या मुलाचे डाव खाते, आणि नव्या बांधणीत डाव हीच खरी पुंजी आहे.

आणखी एक. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांत सैन्य किंवा पोलीस भरतीची तयारी करणारे बरेच असतात, आणि गळीत हंगाम लागला की काहींना घरच्या उसासाठी रानात थांबावं लागतं. चाचणीच्या दिवशीच प्रत्येकाला हे विचारून लिहून ठेवा. असा मुलगा यादीत जरूर असावा, पण कॅचर किंवा शॉर्टस्टॉपची जागा त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका.

प्रश्न : आमच्या सतरा वर्षांखालील शालेय संघात एकच चांगला पिचर आहे, वय १५. स्पर्धा तीन दिवसांची, कधी दिवसात दोन सामने. त्याला किती टाकू द्यावं? – क्रीडाशिक्षिका, तासगाव

तुमचा प्रश्न या वेळच्या पत्रांतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. अमेरिकेत मेजर लीग (तिथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) आणि तिथल्या बेसबॉल महासंघानं मिळून मुलांसाठी मर्यादा ठरवल्या आहेत, त्या आपणही पाळाव्यात. १५-१६ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला कमाल ९५ चेंडू. विश्रांतीचा हिशोब वेगळा: ३० चेंडूंपर्यंत विश्रांतीचा दिवस लागत नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ पासून पुढे चार दिवस. १३-१४ वर्षांच्यांना हे टप्पे २०, ३५, ५० आणि ६५ वर येतात. एकाच दिवशी दोन सामने असले तरी मोजणी एकत्र करायची.

आता हे तुमच्या तीन दिवसांना लावून बघा. नवखा संघ एका डावात सहज वीस चेंडू टाकतो. सात डावांचे १४०. म्हणजे एका मुलावर सामना काढणं मर्यादेत बसतच नाही. पहिल्या दिवशी त्यानं ६० टाकले तर पुढचे दोन्ही दिवस तो पिचर म्हणून गेला. त्यापेक्षा पहिल्या सोप्या सामन्यात त्याला ३० च्या आत थांबवा, उरलेलं दोघातिघांत वाटा आणि अवघड सामन्यासाठी त्याला राखा. सलग तिसऱ्या दिवशी मात्र टाकायला लावू नका.

बिघाड कुठं होतो ते समजून घ्या. या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते. प्रत्येक फेकीत तिथले स्नायू वाढीच्या कूर्चेला ओढतात. विश्रांती न मिळाल्यास ती सुजते आणि वाईट वेळ आली तर हाडाचा तुकडा सुटतो. दुखायच्या आधी खुणा दिसतात: चेंडू वर वर जाऊ लागतात, कोपर खांद्याच्या रेषेखाली येतं, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो, मुलगा हात झटकतो. यातलं काही दिसलं की आकडा ४० असला तरी थांबवा. कोपराच्या आतून दुखतंय असं तो म्हणाला तर बर्फ लावून परत मैदानात पाठवू नका; अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी त्याला कॅचर करू नका, तिथंही शंभरेक फेका होतात. तो क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करतो असं तुम्ही लिहिलंय. त्या आठवड्यातली नेटमधली षटकंही वहीत धरा. खांदा एकच आहे.

मोजणीसाठी बाकावरच्या एका विद्यार्थिनीला वही-पेन्सिल द्या. पंचांवर किंवा आठवणीवर सोडू नका.

प्रश्न : अमेरिकेतले संघ ‘पुनर्बांधणी’ म्हणून वर्षानुवर्षं हरतात आणि तयार झालेल्या तरुणालाही मोसमाच्या सुरुवातीला खालच्या संघात ठेवतात. असं का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा

हरण्याचा फायदा नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत मिळायचा: तळाच्या संघाला आधी निवड. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनं २०११ ते २०१३ या तीन मोसमांत १०६, १०७ आणि १११ सामने गमावले, २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेयाला घेतलं आणि २०१७ मध्ये विजेतेपद मिळवलं. त्या विजेतेपदाला समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, तो भाग वेगळा. बाल्टिमोर ओरिओल्स २०२१ मध्ये ११० हरले आणि २०२३ मध्ये १०१ जिंकले. २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला कॅचर अ‍ॅडली रचमन त्या बांधणीच्या मध्यभागी होता. कॅचरपासून बांधणी, हे लक्षात घ्या. पण हरलं की आपोआप उभारी येते असं नाही. शिकागो व्हाइट सॉक्सनी पुनर्बांधणी करून संघ वर आणला आणि तरीही २०२४ मध्ये १२१ सामने गमावले. आता तर पहिल्या सहा निवडी सोडतीनं ठरतात, त्यामुळे तळाला राहण्याची हमखास कमाई उरलेली नाही.

तरुणाला खाली ठेवण्याचं कारण करारात आहे. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. मोसम १७२ दिवसांपेक्षा थोडा मोठा असतो. सुरुवातीचे दोनतीन आठवडे खाली ठेवलं की वर्ष भरत नाही आणि संघाला तो एक वर्ष जास्त मिळतो. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचे २०१५ मध्ये १७१ दिवस भरले, एक कमी. त्यानं दाद मागितली, ती फेटाळली गेली. २०२२ च्या करारापासून पदार्पणाच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळू शकतं, म्हणून हा प्रकार थोडा कमी फायद्याचा झाला.

याशिवाय सामन्याची यादी २६ जणांची आणि संरक्षित यादी ४० जणांची असते. ४० मधल्या खेळाडूला साधारणपणे तीनच मोसम खाली-वर पाठवता येतं. नंतर खाली पाठवायचं तर आधी इतर संघांपुढे ठेवावं लागतं. मोसमापूर्वी एखादा बरा खेळाडू अचानक सोडलेला दिसतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

प्रश्न : बेसबॉल न खेळलेली मुलं घ्यायचीच असतील तर कुठल्या खेळातली? – प्रशिक्षक, इस्लामपूर

भालाफेक, खो-खो आणि क्रिकेट, या क्रमानं शोधा. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोघे भालाफेकपटू होते. २००८ च्या पिचिंग स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. दोघेही मायनर लीगच्या (मेजर लीगखालच्या पातळीच्या) पुढे गेले नाहीत, पण भाल्याचा खांदा चेंडूला चालतो एवढं त्यांनी दाखवलं. खो-खोची मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. खाली वाकून दिशा बदलण्याची सवय त्यांना सेकंड बेसवर आणि बेस चोरताना उपयोगी पडते. ग्लोव्हची सवय मात्र शून्यापासून लावावी लागते.

क्रिकेटची मुलं फेकतात चांगली, झेलतात दोन्ही हातांनी. शॉर्टस्टॉपला टाकलंत तर पहिले काही दिवस उजवा हात पाठीमागे धरून फक्त ग्लोव्हनं चेंडू घ्यायला लावा.

प्रश्न : मी यष्टिरक्षक आहे. संघात मला कॅचर केलंय. काय बदलावं लागेल? – खेळाडू, मिरज

यष्टिरक्षक चेंडूबरोबर वर उठतो आणि अंगाच्या बाजूला झेलतो. कॅचर खालीच राहतो आणि टप्पा पडलेला चेंडू झेलत नाही, अंगानं अडवतो. दोन्ही गुडघे जमिनीवर, ग्लोव्ह पायांच्या मधल्या फटीत, खांदे पुढे झुकलेले, हनुवटी छातीला. छाती सरळ ठेवलीत तर चेंडू उसळून लांब जातो आणि धावक पुढचा बेस घेतो. पहिले दोन आठवडे टेनिस चेंडूनं, सहा-सात मीटरवरून, रोज तीस चेंडू अडवा. मग खरा चेंडू. उजवा हात पायामागे लपवा, मूठ सैल. उघडी बोटं फाउल चेंडूनं मोडतात.

मास्क गळ्याच्या संरक्षणासह, छातीचं कवच, पायांची कवचं आणि गार्ड, सगळं घालूनच सराव. क्रिकेटचं हेल्मेट चालवून घेऊ नका. गळा उघडा राहतो.

प्रश्न : डावखुरा मुलगा शॉर्टस्टॉपला चालेल का? – पलूस

नाही. चेंडू घेतल्यावर पहिल्या बेसकडे फेकायला त्याला पूर्ण वळावं लागतं, आणि तेवढ्यात धावक पोहोचतो. सेकंड, थर्ड आणि कॅचरलाही हीच अडचण. पहिला बेस, आउटफील्ड किंवा पिचिंग द्या. डावखुरा पिचर पहिल्या बेसकडे तोंड करून उभा असतो, तिथला धावक त्याला समोरच दिसतो.

प्रश्न : आमचे निम्मे खेळाडू सॉफ्टबॉलमधून येतात. त्यांचं काय चुकतं? – कराड

अंतर आणि नियम. सॉफ्टबॉलचे बेस १८.२९ मीटरवर असतात, त्यामुळे त्यांची फेक बेसबॉलमध्ये एक टप्पा आधी पडते. तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवत न्या. तिथं चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, इथं धावक आधीच पुढे सरकतो. म्हणून पिचरला बेसकडे फेकण्याची चाल आणि बॉकचा (धावकाला फसवणाऱ्या बेकायदा हालचालीचा) नियम पहिल्या आठवड्यातच शिकवा. आणि सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीचा खेळाडू बाहेर गेल्यावर एकदा परत येऊ शकतो. बेसबॉलच्या मूळ नियमांत बदललेला खेळाडू परत येत नाही. तुमच्या स्पर्धेत सवलत आहे का ते पत्रकात बघून घ्या.

प्रश्न : पिचरचा उंचवटा नाही, सपाटावर सराव चालतो. फरक पडतो का? – सांगली

पडतो. सपाटावर तयार झालेला मुलगा उंचवट्यावर गेला की पुढचा पाय उशिरा टेकतो आणि चेंडू उंच जातात. चाचणीतले आकडेही फसवे निघतात. पूर्ण गोल नको, दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब पट्टा पुरे. उंची २५ सेंटिमीटर. ६१ बाय १५ सेंटिमीटरच्या रबराच्या पुढे १५ सेंटिमीटर सपाट ठेवून उतार सुरू करा, दर ३० सेंटिमीटरला अडीच सेंटिमीटर. नुसती काळी माती वापरू नका. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खाली मुरूम पाणी मारून पातळ थरांनी चोपा, वरचे आठ-दहा सेंटिमीटर मुरूम आणि चिकणमातीचं मिश्रण. पाय टेकण्याच्या जागी खड्डा पडतो, तो रोज भरून चोपायचा आणि सराव संपल्यावर वर ताडपत्री टाकायची.