टॅक्स कापलाच नाही, मग परत काय मिळणार?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोघंही ग्रीन कार्डवर. हे वेअरहाऊसमध्ये, मी डेकेअरमध्ये पार्टटाइम, २०२४ मध्ये दोघांचे मिळून ४२,००० डॉलर झाले. मुलं आठ आणि चार वर्षांची. मैत्रीण म्हणते की न्यू जर्सी स्टेटसुद्धा पैसे देतं. ह्यांचं म्हणणं, टॅक्स जवळजवळ कापलाच नाही तर परत काय मिळणार, आणि फुकटचं घ्यायचंच कशाला? माझे दीर वर्क व्हिसावर आहेत, जाऊबाईंकडे फक्त आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही त्यांना टॅक्स भरण्यासाठी देतात तो नंबर) आहे, त्यांनाही मिळेल का?

उत्तर: ताई, आधी ते फुकटचं मनातून काढा. हा अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट (कमी कमाईच्या कष्टकऱ्यांना टॅक्समध्ये मिळणारी सवलत) आहे, कमाई असेल तरच मिळतो, घरी बसून नाही. आणि टॅक्स शून्य निघाला तरी उरलेली रक्कम रिफंड म्हणून हातात येते, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. तुमच्या कमाईला आणि दोन मुलांना धरून फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा क्रेडिट साधारण ४,३५० डॉलर बसतो, न्यू जर्सी त्याच्या ४० टक्के स्वतःचे देते, म्हणजे आणखी १,७४० च्या आसपास. शिवाय पाच वर्षं किंवा त्याहून लहान मुलासाठी स्टेटचा वेगळा चाइल्ड टॅक्स क्रेडिट आहे, जास्तीत जास्त १,००० डॉलर, उत्पन्न वाढेल तसा कमी होत जातो आणि करपात्र उत्पन्न ८०,००० च्या वर गेलं की बंद. तुमच्या धाकट्याचा तो नक्की लावा, मोठ्याला नाही मिळणार.

आता जाऊबाई. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरतात तेव्हा दोघांकडेही नोकरीसाठी चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, ज्या मुलाला धरायचं त्याचाही, नवरा-बायकोपैकी एकाचा जरी आयटिन असला तरी फेडरल क्रेडिट गेला आणि त्याच्याबरोबर स्टेटचे ४० टक्केही. पण चाइल्ड क्रेडिटला न्यू जर्सीत आयटिन चालतो, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर तेवढा तरी सोडू नका म्हणावं. (आपल्या लोकांत एक आयटिन आहे म्हणून सगळंच सोडून देणारे फार.) आणखी एक, मूल वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस अमेरिकेत तुमच्याजवळ राहिलेलं हवं. उन्हाळ्यात सुट्टीला सातारला गेलं तर काही बिघडत नाही, पण आजीकडेच ठेवून शाळेत घातलं असेल तर ते धरता येत नाही.

स्टेटचा क्रेडिट आपोआप येत नाही हं, न्यू जर्सीचा रिटर्न भरताना तो मागावा लागतो, गेल्या वर्षी सुटला असेल तर सुधारित रिटर्न भरा, फेडरलला साधारण तीन वर्षांपर्यंत मागचं मागता येतं. आणि रिफंडातून टक्केवारी कापणाऱ्या दुकानात जाऊ नका प्लीज! व्हीटा नावाची मोफत सेवा आहे, लायब्ररीत नाहीतर कम्युनिटी सेंटरमध्ये ट्रेनिंग घेतलेले लोक बसतात. दोघांचे डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा नोकरीवरून मिळणारा फॉर्म), सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं आणि फोटो आयडी घेऊन दोघांनीही जा, एकत्र रिटर्नवर दोघांच्या सह्या लागतात.