लॅपटॉपचा ब्रँड बदलावा का? आधी पॉलिसीचे बघू

प्रश्न : मी २७ वर्षांची असून पुण्यात भूगोल विषयात पीएच.डी. करत आहे. जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीचे) दुसरे वर्ष संपत आले आहे. ३७,००० रुपये छात्रवृत्ती आणि घरभाडे भत्ता मिळून महिन्याला सुमारे ४७,००० रुपये होतात, मात्र ते नियमित येत नाहीत. गेल्या वर्षी चार महिने काहीच जमा झाले नव्हते, मग थकबाकी एकदम आली. माझा खर्च २४,००० आहे आणि ८,००० मी आईला पाठवते. माझ्या लेनोवोच्या लॅपटॉपला चार वर्षे झाली. बॅटरी तासभर टिकत नाही आणि नकाशांचे आर्कजीआयएस प्रो किंवा पुराच्या गणितांचे हेक-रास ही सॉफ्टवेअर उघडली की तो अडकतो. दुरुस्तीवाल्याने बॅटरी, एसएसडी आणि रॅमचे मिळून १६,००० सांगितले आहेत. विभागातील दोघांकडे मॅकबुक एअर आहे आणि ते उत्तम चालते, म्हणून ब्रँड बदलावा असे वाटते. मला हवे ते मॉडेल १,२०,००० रुपयांना आहे. खात्यात १,४०,००० आहेत, पण त्यातील ६०,००० पुढच्या महिन्यातील पॉलिसीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी ठेवले आहेत. ही टॅक्स सेव्हिंग पॉलिसी गेल्या वर्षी थकबाकी आली तेव्हा मावशीच्या यजमानांनी काढून दिली. दहा वर्षे हप्ते भरायचे आणि विसाव्या वर्षी १२ लाख मिळणार. म्हणून लॅपटॉप भावाच्या क्रेडिट कार्डवर बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयने घेईन. अडीच वर्षांत पीएच.डी. होऊन प्राध्यापकाची नोकरी लागेल, तेव्हा हप्त्यांची काळजी नाही. मॅक घ्यावा की विंडोजवरच राहावे?

उत्तर : लॅपटॉपकडे येतोच, पण त्याआधी पॉलिसीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण पुढच्या महिन्यात तुमच्या खात्यातून जाणारे ६०,००० रुपये ही या पत्रातील सर्वांत महागडी गोष्ट आहे आणि नेमके तिच्याविषयी तुम्ही काहीही विचारलेले नाही.

ही पॉलिसी कर वाचवण्यासाठी घेतली, तर वाचवायला कर होता कुठे? शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळणारी शिष्यवृत्ती १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१६) नुसार करमुक्त धरली जात आली आहे. तो मुद्दा बाजूला ठेवून तुमची सगळी छात्रवृत्ती करपात्र मानली, तरी वर्षाची मिळकत पावणेसहा लाखांच्या आतच राहते, आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. शिवाय गुंतवणुकीवरच्या ज्या कलम ८०सी च्या वजावटीच्या नावाने अशा पॉलिसी विकल्या जातात, ती वजावट नव्या प्रणालीत मिळतही नाही. थोडक्यात, जो कर तुम्हाला लागूच नव्हता तो वाचवण्यासाठी तुम्ही दहा वर्षे दरसाल साठ हजार भरण्याचे कबूल केले आहे. विद्यार्थ्यांच्या हाती थकबाकीची रक्कम एकदम पडते त्याच आठवड्यात घरातील कोणीतरी विमा विक्रेता अर्ज घेऊन हजर होतो, हा प्रकार मी इतक्या पत्रांतून वाचला आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही, राग मात्र येतो.

आता परताव्याचे पाहू. सहा लाख भरून बारा लाख मिळणार, म्हणजे पैसे दुप्पट, असे तुम्हाला सांगितले गेले असणार. हप्ते दहा वर्षांत विखुरलेले असल्याने प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो आणि तेवढ्या काळात दुप्पट होतो, याचा अर्थ परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. पीपीएफचा व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे. तो तसाच राहिला असे धरले, तर तेच हप्ते तिथे भरून आणि मुदत वाढवून विसाव्या वर्षी साडेसतरा लाखांच्या पुढे रक्कम होते. पीपीएफमध्ये एखाद्या वर्षी हात आखडला तर ५०० रुपये भरूनही खाते चालू राहते. तुमच्या पॉलिसीला ते चालत नाही. आणि विम्याचे म्हणाल, तर अशा पॉलिसीत संरक्षण बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे तुमच्या बाबतीत सहा लाखांचे असते. तुमच्यावर आई अवलंबून असेल, तर सहा लाख तिला किती वर्षे पुरतील, हे काकांनी काढून दाखवायला हवे होते.

यापेक्षाही मोठी चूक मुदतीची आहे. जेआरएफ आणि पुढची एसआरएफ (वरिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळून पाच वर्षांची, त्यातील दोन संपत आली, म्हणजे तुमच्या उत्पन्नाची निश्चिती फार तर तीन वर्षांची आहे आणि हप्त्यांची बांधिलकी आणखी नऊ वर्षांची. मधली सहा वर्षे तुम्ही प्राध्यापकाच्या नोकरीवर सोडून दिली आहेत. सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनावर होते हे खरे, पण महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत कायम पदांची भरती कशी रखडते हे तुमच्या विभागातील वरिष्ठ संशोधकांना विचारा. नेट आणि पीएच.डी. दोन्ही असलेली माणसे तासिका तत्त्वावर शिकवत वर्षे काढतात, त्यांना घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत काहीच मिळत नाही. नोकरी लागू नये असे मी म्हणत नाही, लवकर लागो. पण जिची जाहिरातही निघालेली नाही अशा नोकरीच्या पगारातून हप्ते ठरवू नका.

म्हणून दुसरा हप्ता भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा असते, ती तुम्ही गमावली आहे. तरीही सारेच गेले असे नाही. विमा नियामकाचे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून बदलले. त्यानंतर विकलेल्या अशा पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिले पॉलिसीवर्ष पूर्ण झाले असेल, तर विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावे लागते. पूर्वी दोन हप्ते भरल्याखेरीज काहीच मिळत नसे. तुमची रक्कम किती होते ते कंपनीच्या शाखेतून लेखी मागवा, तोंडी आकड्यावर विसंबू नका. समजा, सगळे ६०,००० बुडाले असे धरले, तरी उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये गेल्यास याच दराने त्याच तारखेला पंधरा लाखांच्या वर रक्कम होते. म्हणजे पहिला हप्ता पाण्यात गेला असे मानूनही थांबणे हेच तीन लाखांनी किफायतशीर आहे. ‘एक भरलाच आहे तर निदान तीन तरी भर’ असे तुम्हाला सांगितले जाईल. तसे सांगणाऱ्यापुढे हा आकडा ठेवा.

काकांशी वाद घालण्याची गरज नाही. छात्रवृत्ती वेळेवर येत नसल्याने हप्ता झेपत नाही, एवढे आदराने सांगितले की पुरे. ते खरेही आहे.

आता खात्यातील १,४०,००० पाहा. तुमचा खर्च आणि आईला पाठवता ती रक्कम मिळून महिन्याला ३२,००० लागतात, म्हणजे गेल्या वर्षीसारखे चार महिने छात्रवृत्ती थांबली तर १,२८,००० लागतील. ज्याला तुम्ही शिल्लक समजता, तो तुमचा आपत्कालीन निधी आहे आणि तो जेमतेम पुरेसा आहे. त्यातून ६०,००० पॉलिसीला गेले आणि वर दरमहा १०,००० चा ईएमआय आला, तर ८०,००० मध्ये महिना ४२,००० भागवायचे, म्हणजे दोन महिनेही निघणार नाहीत. तिसऱ्या महिन्यात भावाच्या कार्डचे बिल थकेल. थकलेल्या बिलावर महिना तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, आणि पतमानांकन घसरेल ते भावाचे. उद्या तो गृहकर्जासाठी बँकेत गेला की या लॅपटॉपची आठवण त्याला बँकेचा अधिकारी करून देईल.

‘नो कॉस्ट’ या शब्दांवरही विश्वास नको. शून्य टक्के व्याज असे काही नसते, व्याज कुठे ना कुठे लपवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले आहे. बँक वर्षाला सुमारे सोळा टक्क्यांनी व्याज लावते असे धरल्यास १,२०,००० वर बारा महिन्यांत साडेदहा हजारांच्या आसपास होते, आणि विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो तुम्हीच भरता, म्हणजे १,९०० च्या आसपास. प्रक्रिया शुल्क वेगळे, आणि रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूट हुकते ती वेगळीच.

राहिला ब्रँडचा प्रश्न. मॅकबुक एअर चांगले यंत्र आहे, बॅटरी दिवसभर टिकते, जुने विकताना किंमतही बरी येते. तुमचे काम केवळ लेखनाचे असते आणि पैसे हाताशी असते, तर मी आडवा आलो नसतो. परंतु आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर चालते आणि हेक-रासही मुळात विंडोजचेच आहे. इंटेलच्या जुन्या मॅकवर ॲपलच्या बूट कॅम्प या सोयीने विंडोज घालता येत असे, ती सोय २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये नाही. आभासी यंत्राचे सॉफ्टवेअर विकत घेऊन खटपट करता येते, पण ऐन प्रबंधाच्या काळात पूरप्रतिमानाची गणिते अशा आडवाटेने चालवण्याचा धोका कशासाठी पत्करायचा? क्यूजीआयएस हे नकाशांचे दुसरे सॉफ्टवेअर मॅकवर चालते, म्हणून तुमच्या मार्गदर्शकांनी सगळे काम त्यावर नेण्याचे ठरवले तर चित्र थोडे बदलेल. विभागातील ज्या दोघांकडे मॅक आहे ते त्यावर नेमके काय करतात, हेही एकदा विचारून घ्या.

तुमची अडचण ब्रँडची कमी आणि मेमरीची जास्त दिसते. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधील मेमरीवर क्लिक करा. रॅम किती आहे आणि किती स्लॉट वापरात आहेत, हे तिथे लिहिलेले असते. आठ जीबीवर मोठा रास्टर (बारीक चौकटींत साठवलेला नकाशा) उघडला की कोणत्याही कंपनीचा लॅपटॉप अडकणारच. स्लॉट मोकळा असेल, तर १६,००० ची दुरुस्ती करून घ्या. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी महागली आहे, त्यामुळे हा भाव मला अवाजवी वाटत नाही, मात्र आणखी एका दुकानात विचारा. एअरमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. दुरुस्तीनंतर हा लॅपटॉप दीड-दोन वर्षे चालला तर प्रबंध बराच पुढे गेलेला असेल. मध्येच बंद पडला, तर व्यावसायिक श्रेणीतील, कंपनीच्या हमीचा नूतनीकृत विंडोज लॅपटॉप साठ हजारांच्या घरात पाहावा, आणि तोही रोखीने. त्यासाठी आजपासून महिन्याला ३,००० आवर्ती ठेवीत टाका. छात्रवृत्ती उशिरा आली तर ही ठेव बंद करता येते.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात दिसली नाही. जेआरएफसोबत आकस्मिक अनुदान मिळते. पहिल्या दोन वर्षांत ते वर्षाला दहा-बारा हजार असते आणि पुढे वीस हजारांच्या वर जाते. संगणकाचे सुटे भाग त्यात बसतात का, बिल कोणाच्या नावे हवे आणि वस्तू विभागाच्या नोंदवहीत दाखवावी लागते का, हे दुकानात जाण्यापूर्वी कार्यालयात विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. पॉलिसीतून वाचणाऱ्या रकमेतून पाच लाखांचा आरोग्यविमाही घ्या. तुमच्या वयाला तो सहा ते आठ हजारांत मिळायला हवा, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही. आईचा विमा आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही, ते कळवा.

पहिला हप्ता खात्यातून आपोआप वळता झाला असेल, तर दुसराही तसाच जाईल. तेव्हा हप्त्याच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी बँकेत जाऊन ऑटो डेबिटचे मँडेट रद्द करा, रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा, आणि लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी दोन वर्षांच्या नकाशांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या.