घट्ट खडक वाहतो तरी कसा?

प्रश्न: भूकंपाच्या एस लाटा द्रवातून जात नाहीत, मँटलमधून (पृथ्वीचं कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर) जातात, म्हणून मँटल घन. इथपर्यंत कळलं. मग लगेच पुढच्या ओळीत 'मँटल वाहतो' असं कसं काय लिहितात?

उत्तर: दोन्ही खरंय, फरक वेळेचा आहे. लाट काही सेकंदांत निघून जाते, तेवढ्यात खडक कडकच वागतो, पण तोच ताण लाखो वर्षं राहिला की त्याला सरकायला वेळ मिळतो. सरकतात कोण, तर अणू. कुठल्याही स्फटिकात काही जागा रिकाम्या असतातच आणि शेजारचा अणू तिथे उडी मारतो, मग त्याची जागा रिकामी होते, असं चालूच. एरवी या उड्या कुठेही पडतात, पण एका बाजूने दाब जास्त असेल तर अणू दाबलेल्या बाजूकडून मोकळ्या बाजूकडे जरा जास्त जातात आणि खडकातला कण, म्हणजे एकेक छोटा स्फटिक, इकडून चपटा, तिकडून लांब होतो. झालं, खडक न वितळता वाहिला! याला डिफ्यूजन क्रीप म्हणतात.

आता गंमत. जमिनीखाली 660 किमीच्याही खाली, म्हणजे खालच्या मँटलमध्ये, मुख्य खनिज ब्रिजमनाइट, त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन त्यातल्या त्यात चपळ, सिलिकॉन महाआळशी, पण खनिजातलं प्रमाण बिघडून चालत नाही म्हणून सगळ्यांना आळशाच्याच चालीने जावं लागतं. तापमान वाढलं की उड्या भराभर पडतात, उलट दाब वाढला की अणूला वाटच अरुंद होते, आणि खोल जाताना दोन्ही वाढतात, त्यामुळे 'खोल म्हणजे मऊ' हे गणित सरळ बसत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कणाच्या आकाराकडे. अणू कणाच्या पोटातून जात असतील तर कण दुप्पट मोठा झाल्यावर वाहणं चौपट मंद होतं, कडेकडेने जात असतील तर आठपट. म्हणजे मिलिमीटरभर फरकानेही अख्ख्या थराचा वेग बदलतो.

स्फटिकातले दोष (अणूंच्या रचनेतल्या विस्कटलेल्या ओळी) सरकूनही खडक वाहतो, नाही असं नाही. पण त्यात स्फटिक सहसा एका दिशेला लागतात आणि लाटांचा वेग दिशेप्रमाणे बदलतो. खालच्या मँटलच्या बऱ्याच भागात असा फरक फारसा दिसत नाही, म्हणून तिथे डिफ्यूजन क्रीप चालत असावं असं बरेच जण मानतात, आणि मलाही तेच पटतं.