दार उघडा, आणि सुनेला दहा मिनिटं एकटीला बोलू द्या

इंग्लंडमधल्या स्विंडनहून एका मुलाने लिहिलंय, मूळचा आमच्या डिचोलीचा. बाळ ९ दिवसांचं, बायकोचं सिझर झालंय, आई गोव्याहून बाळंतपणाला गेलीय, आणि आता हेल्थ व्हिजिटर म्हणून कोणी नर्स घरी येणार असा फोन आलाय. आई म्हणते, सरकारी माणूस घरात कशाला, काही कमीजास्त दिसलं तर पोर उचलून नेतील, नको म्हणून कळव. तो विचारतो, मावशी काय करू?

अरे बाबा, नको म्हणून अजिबात कळवू नकोस. मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या सरकारी सबसेंटरला २७ वर्षं एएनएम, म्हणजे घरोघर फिरणारी नर्स होते, हेच काम केलंय, पावसात छत्री उलटी होईपर्यंत चालत जाऊन बाळंतिणीच्या दारात उभी राहिलेय, आणि दार अर्धंच उघडून "सगळं बरं आहे सिस्टर" म्हणणाऱ्या सासवा पण खूप बघितल्यात.

आधी भीतीचं बोलू. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय कुटुंबाची मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने नेली होती, ते आपल्याकडे घरोघर टीव्हीवर बघितलं गेलं आणि तेव्हापासून परदेशातली कुठलीही नर्स म्हटलं की आयांच्या पोटात गोळा येतो. पण हेल्थ व्हिजिटर ही सोशल वर्करही नाही आणि पोलीस तर नाहीच. ती रजिस्टर्ड नर्स किंवा मिडवाइफ असते, वर अजून वेगळं ट्रेनिंग घेतलेली. मुलाला खराच धोका दिसला तर पुढे कळवणं तिचं कर्तव्य आहे, ते मी लपवत नाही, पण घरात पसारा आहे, बाळंतीण मॅक्सीवर बसलीय, बाळाला तेल चोपडलंय, आजी शेकशेगडी करतेय, यावरून कोणी पोर नेत नाही.

इंग्लंडमध्ये ती पाच वेळा भेटते, सगळं फुकट. गरोदरपणात २८ आठवड्यांनंतर एकदा, मग बाळ १० ते १४ दिवसांचं असताना, मग ६ ते ८ आठवड्यांनी, वर्षाच्या सुमाराला आणि शेवटी दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर. तुमची ही दुसरी भेट आहे. बाळाचं वजन, दूध नीट ओढतंय का, कावीळ वाटते का, टाके कसे आहेत, हे सगळं ती बघणार-विचारणार आणि बाळाचं ते लाल वहीत लिहिणार, ती बाळाच्या तब्येतीची रेड बुक जपून ठेवा, लसींची नोंद पण त्यातच असते.

आता तिला विचारायच्या गोष्टी, ज्या आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. आपल्या बाळांच्या कुल्ल्यांवर, पाठीवर निळसर-करडे डाग असतात, जन्मजात, काही दुखत नाहीत, आपोआप जातात. तिथल्या एखाद्या डॉक्टरला पुढे कधी ते मार लागल्याचे वळ वाटू शकतात, म्हणून याच भेटीत दाखवा आणि लाल वहीत नोंद करून घ्या. तुझ्या आईच्या भीतीवर याहून चांगलं औषध नाही. दुसरं, बीसीजी, म्हणजे टीबीची लस. आपल्याकडे जन्मल्यावर लगेच टोचतात, तिकडे सरसकट देत नाहीत, पण आईबाप किंवा आजीआजोबांपैकी कोणी भारतासारख्या टीबी जास्त असलेल्या देशात जन्मलेलं असेल तर बाळाला मिळते, साधारण २८ दिवसांनंतर, तर अपॉइंटमेंट आली नसेल तर विचारा. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डीचे थेंब लागतात, तिकडे ऊन कुठलं आमच्यासारखं. मध मात्र वर्ष होईपर्यंत बोटालासुद्धा नको, जन्मघुटीत कालवून पण नको, बॉट्युलिझम म्हणून जीवघेणा आजार होऊ शकतो. काजळ नकोच, त्यात शिसं असू शकतं. आणि झोपवताना पाठीवर, स्वतःच्या कॉटमध्ये, पण तुमच्याच खोलीत.

तेलाचं मॉलिश, अळीवाची खीर, पेज, डिंकाचे लाडू यावर तिचा काही आक्षेप नसतो, उलट विचारते कसं करता म्हणून. चहा विचारा, नको म्हणाली तर राग धरू नका.

पण ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते वेगळंच आहे. ही भेट बाळाची जेवढी तेवढीच बायकोची. ती नर्स तिला विचारणार, मन कसं आहे, झोप लागते का, रडू येतं का. काही ठिकाणी बाळंतिणीचं नैराश्य ओळखायचा १९८७ सालचा एडिंबरा स्केल भरून घेतात, गेल्या सात दिवसांबद्दलचे १० साधे प्रश्न, शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. आता सांग, सासू शेजारी, नवरा समोर, आणि उत्तर भाषांतर करून नवराच सांगणार, तर कुठली मुलगी खरं बोलेल?

माझ्या हातून हे झालंय. एका घरी मी तीन वेळा गेले, तिन्ही वेळा सासूने उत्तरं दिली, जेवते, झोपते, दूध आहे, आणि मी रजिस्टरमध्ये बरं म्हणून लिहून आले. चौथ्या वेळी सासू बाजारात गेली होती, ती पोर माझा हात धरून म्हणाली, सिस्टर मला या बाळाकडे बघवत नाही. दीड महिना ती एकटी होती त्यात, आणि मी तीनदा तिच्यासमोर बसून गेले होते. पुढे उपचार मिळाले, बरी झाली, पण ते तीन शेरे मी अजून विसरलेले नाही.

हे काही परदेशाचं दुखणं नाही. आपल्या गोव्यातच २५२ बाळंतिणींचा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला, त्यात ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, म्हणजे चारातली जवळजवळ एक, आणि त्या सगळ्या आपल्याच माणसांत होत्या. तुझी बायको तर आईपासून हजारो मैल लांब.

म्हणून आधीच फोन करून सांग की आम्हाला इंटरप्रिटर हवा, मराठी किंवा कोकणी, एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत. इंग्रजी येत असेल तरी त्या प्रश्नांच्या वेळी तू आईला घेऊन दुसऱ्या खोलीत जा, बाळाचे कपडे घडी करा, काहीही करा, दहा मिनिटं. पहिले काही दिवस रडू येतं ते बहुतेकांना येतं, पण दोन आठवडे उलटूनही थांबलं नाही तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, हेल्थ व्हिजिटरला किंवा जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन करा. रात्री-बेरात्री एनएचएसच्या १११ या फोनवर मेंटल हेल्थचा पर्याय आहे. आणि बायको भलतंसलतं बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, झोपेचीच गरज वाटेना, तर ९९९ या इमर्जन्सी नंबरवर फोन, त्याच क्षणी.

दुसऱ्या देशातल्यांनी पण हे वाचून सोडून देऊ नका. नेदरलँड्समध्ये क्रामझोर्ख असते, पहिला आठवडाभर बाई रोज काही तास घरी येऊन बाळ-बाळंतीण दोघांचं बघते, गरोदरपणातच नाव नोंदवावं लागतं. जर्मनीत हेबामे, म्हणजे सुईण, तिचे पैसे इन्शुरन्स देतो, पण ती मिळणं कठीण झालंय म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच शोधा. अमेरिकेत सगळ्यांना मिळत नाही, नर्स-फॅमिली पार्टनरशिप ही मुख्यतः कमी उत्पन्नाच्या पहिलटकरणींसाठी आहे, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. न्यूझीलंडमध्ये बाळांची काळजी घेणारी प्लंकेट ही संस्था १९०७ पासून आहे.

आणि तुझ्या आईला एवढं वाचून दाखव. ताई, हे गोऱ्यांचं फॅड नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय, आणि २०११ पासून देशभर दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा भेटी ठरल्या त्या त्याच कामावरून. महाराष्ट्रात आशाताई जातात, आमच्याकडे एएनएम आणि अंगणवाडीताई. तुम्ही तुमच्या वेळी सिस्टरला दार उघडलं असेलच ना, तसंच उघडा. फक्त सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सुनेलाच देऊ द्या.

भेट झाली की मला लिही, बाबा. डाग वहीत लिहून घेतले का तेही कळव.