"दाखवण्यासारखं कामच नाही ओ मॅडम"

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे आली की दहातल्या आठ जणांचा प्रश्न एकच, खऱ्या क्लायंटचं काम नाही तर डिजिटल पोर्टफोलिओत (म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या फाइलमध्ये) टाकू काय? त्यातल्या एकीचं सांगते, तिला विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून.

इचलकरंजीकडची मुलगी, अप्लाइड आर्टला. इंटर्नशिपसाठी बावीस ठिकाणी मेल गेले होते, उत्तर एकाचंही नाही, त्यामुळे "मला डिझाइन जमतच नाही बहुतेक" इथपर्यंत मजल गेलेली. म्हटलं आधी बघू तरी, लिंक उघडली तर गुगल ड्राइव्ह म्हणतंय परवानगी मागा! म्हणजे बावीस जणांपैकी कितींनी ते काम पाहिलं तरी होतं देव जाणे. मला हसू आलं आणि तिच्या डोळ्यात पाणी, तेव्हा मी गप्प बसले. (असं हसायचं नसतं, इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.)

आत 94 एमबीची पीडीएफ. एका जगप्रसिद्ध बुटांच्या ब्रँडचा नवा लोगो, कॉफीचा कप, कापडी पिशवी, सगळं फुकटच्या मॉकअपवर, म्हणजे आपलं डिझाइन नुसतं चिकटवायचं अशा तयार फोटोंवर. वाईट नव्हतं, पण तोच कप, त्याच सावलीसकट, त्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा बघत होते. रात्र रात्र बिहान्स बघायची ती, म्हणजे डिझायनर लोक आपलं काम मांडतात ती वेबसाइट. आता तिथे दहा-दहा वर्षं काम केलेले लोक, मागे अख्खी टीम असलेले लोक आपलं निवडक काम टाकतात, आणि ही त्याच्याशी स्वतःचं तिसऱ्या वर्षाचं सबमिशन लावून बघणार, मग होणार काय?

पहिल्या भेटीत मी नेहमीचंच सांगितलं, प्रोजेक्ट कमी कर, सहा-सात बास, फाइल दहा एमबीच्या आत आण, लिंक दुसऱ्याच्या फोनवर लॉगिनशिवाय उघडते का बघ. सगळं बरोबर होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं, कारण ती दुसऱ्यांदा आली तेव्हा पीडीएफ हलकी झालेली पण चेहरा तसाच. उशीर का झाला विचारलं तर म्हणाली, "लग्नसराई आहे ना, काकांच्या प्रेसमध्ये पत्रिका लावत होते."

किती वर्षं करतेस? "अकरावीपासून. पण ते काय दाखवण्यासारखंय का, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी ओ मॅडम." (पहिलं डिझाइनचं सॉफ्टवेअर, दुसरं मराठी टाइप करायचं.)

मग मी तिला एक पत्रिका मागवायला लावली. आपल्याकडची पत्रिका तुम्हाला माहितीये, वर कुलदैवत प्रसन्न, मग चि. आणि चि. सौ. कां., मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, समस्त अमुक परिवार, खाली किलबिल, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं", अशी पन्नास-साठ नावं एका पानावर, आणि थोरल्या काकांचं नाव मामांच्या खाली गेलं की लग्नाआधीच भांडण. हिनं त्यात मुहूर्त आणि हॉलचं नाव आजोबांना चष्म्याशिवाय दिसेल असं बसवलेलं. मी विचारलं हे कसं ठरवलंस, तर ही वीस मिनिटं बोलत होती! कोणती ओळ का लहान केली, वेलांटी वरच्या ओळीला चिकटू नये म्हणून अंतर कुठे वाढवलं, स्क्रीनवरचा झगझगीत केशरी छापून मळकट येतो म्हणून कोणता रंग घेतला, गिऱ्हाइकाने चार वेळा काय बदलायला लावलं. बुटांच्या लोगोबद्दल ती दोन वाक्यांच्या पुढे गेली नव्हती.

कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या नावांची जी अक्षरं केली तीही वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या एवढ्याशा चौकटीतच दिसायची की, त्याला कोणी किरकोळ काम म्हणत नाही. हे मी तिला जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

मग ठरलं की पोर्टफोलिओची सुरुवातच पत्रिकेने करायची. आधी गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलेलं मॅटर, मग फसलेला पहिला प्रूफ, मग छापलेली प्रत, खिडकीजवळ फोनवर काढलेला साधा फोटो, सोबत चार-पाच ओळी. श्रीलिपीतलं मॅटर दुसऱ्या फॉन्टमध्ये तसंच्या तसं येत नाही, तर तिने ते युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षरं बिघडत नाहीत अशा पद्धतीने, परत टाइप करून मुक्ता फॉन्टमध्ये एक नवं रूपही केलं, तो 'एक टाइप' (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, त्यामुळे लायसन्सची कटकट नाही. खरी नावं आणि फोन नंबर मात्र बदलायला लावले, दुसऱ्याच्या घरची पत्रिका आहे शेवटी. दुसरा प्रोजेक्ट मंडळाच्या फ्लेक्सचा. बुटांचा लोगो शेवटून दुसरा ठेवला, "कॉलेज असाइनमेंट" असं स्पष्ट लिहून. पूर्ण काढायला ती तयार नव्हती, मीही ताणलं नाही.

या वेळी मेल फक्त सहा, प्रत्येकाला त्यांच्या एखाद्या कामाबद्दल दोन ओळी लिहून. चार गप्प. एकाने नंतर बघू म्हटलं. पुण्याच्या एका छोट्या पॅकेजिंग स्टुडिओने बोलावलं आणि तिथल्या ताईंनी पहिलाच प्रश्न केला, "किलबिलमध्ये सई दोनदा आलीये, चूक आहे का?" ही म्हणाली, "नाही, दोन्हीकडच्या सई आहेत."

तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, पैसे बेताचेच. फोनवर सांगताना म्हणाली, काकांना पोर्टफोलिओ दाखवला तर ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, प्रेसचं नाव नाही टाकलंस होय कुठं?