सायफोझोआ म्हणजे ‘ट्रू जेलीफिश’, मग ओबेलियाचा मेड्युसा कोण?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहात, जर्नलमध्ये ‘सायफोझोआ म्हणजे ट्रू जेलीफिश’ असं उतरवून घेतलंय. मग ओबेलिया या वसाहतीने राहणाऱ्या छोट्या समुद्री प्राण्याचा मेड्युसा (पोहणारी, घंटेसारखी अवस्था) आणि पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर जेलीफिश नाहीत का, आणि वायवात (तोंडी परीक्षेत) काय सांगायचं?

‘जेलीफिश’ हा बोलण्यातला शब्द आहे. पाण्यात तरंगणाऱ्या कुठल्याही पारदर्शक, लिबलिबीत प्राण्याला लोक तो लावतात, स्वतःच्या दंशपेशी नसलेल्या कोम जेलीलासुद्धा. ‘सायफोझोआ’ हे मात्र निडारिया या दंशपेशी असलेल्या प्राण्यांच्या संघातल्या एका वर्गाचं नाव आहे. ग्रीक ‘स्कायफोस’ म्हणजे प्याला. या वर्गात सुमारे २०० जाती आहेत आणि त्या सगळ्या समुद्रातल्या. ‘ट्रू’ म्हणतात ते यासाठी, की यांच्या आयुष्यातली मोठी, ठळक अवस्था मेड्युसाची असते. पॉलिप, म्हणजे चिकटून राहणारी नळीसारखी अवस्था, जेमतेम काही मिलिमीटरचा.

माझ्या मते खरी ओळख मेड्युसा तयार कसा होतो यात आहे, आणि वायवात सुरुवात तिथूनच करावी. सायफोझोआचा पॉलिप, म्हणजे सायफिस्टोमा, आडवा विभागत जातो आणि त्याच्यावर बशांची चवड रचल्यासारखी दिसते. याला स्ट्रोबिलेशन म्हणतात. वरची एकेक चकती सुटते, ती एफायरा. तिला आठ दुभंगलेले हात असतात. तीच वाढून मेड्युसा होतो. ओबेलियात असं काही होत नाही. तिथे ब्लास्टोस्टाइलवर (वसाहतीतल्या प्रजननाच्या दांड्यावर) बाजूने कळ्या येतात आणि त्यांचे मेड्युसे होतात. म्हणून तो हायड्रोझोआ या निडारियातल्याच दुसऱ्या वर्गातला. (पेलाजिया सायफोझोआच आहे, पण तिला पॉलिपच नसतो, प्लॅन्युलाची (पोहणाऱ्या अळीची) थेट एफायरा होते.)

स्पॉटिंगला (प्रात्यक्षिकात नमुना ओळखताना) बहुतेकांची गडबड होते ती व्हीलममुळे, म्हणजे घंटेच्या कडेच्या पडद्यामुळे. ‘घंटेच्या कडेला आतून पातळ पडदा असेल तर हायड्रोझोआ, नसेल तर सायफोझोआ’ हा नियम ठीक आहे, पण स्लाइडवर नेमका ओबेलिया असतो आणि त्याचं व्हीलम नावापुरतंच उरलेलं असतं. त्यामुळे जननग्रंथी बघा. ओबेलियात मधून कडेकडे जाणाऱ्या चार सरळ अरीय नलिका आणि प्रत्येकीवर एक ग्रंथी. बरणीतल्या ऑरेलियात (हा सायफोझोआतला) मात्र जठराच्या कप्प्यांत घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चार ग्रंथी वरूनच दिसतात. भिंगाने कडा बघितली तर आठ खाचा सापडतील. प्रत्येकीत एक रोपेलियम, म्हणजे तोल आणि प्रकाश जाणणारं इंद्रिय. ओबेलियालाही आठ स्टॅटोसिस्ट (तोल जाणणारी इंद्रियं) असतात, तेव्हा नुसता आठ आकडा बघून उत्तर लिहू नका.

पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर म्हणजे फायसेलिया. तो एकटा मेड्युसा नाही, वसाहत आहे, आणि हायड्रोझोआतल्या सायफोनोफोरा गणातला आहे. उच्चार जवळचा म्हणून इथे गोंधळ होतो. स्पेलिंग पाठच करा: सायफोझोआ एस-सी-वाय-पी-एच, सायफोनोफोरा एस-आय-पी-एच.

बॉक्स जेलीफिश जुन्या पुस्तकांत सायफोझोआतच सापडतील. आता त्यांचा क्युबोझोआ हा वेगळा वर्ग आहे. देठाने चिकटून राहणारे स्टॉरोमेड्युसे २००४ मध्ये स्टॉरोझोआ वर्गात गेले. लायब्ररीतली प्रत जुनी असेल तर एवढं दुरुस्त करून वाचा.

लिहिताना: ‘ऑरेलिया हा सायफोझोआ आहे’ असं नको. ‘ऑरेलिया सायफोझोआ वर्गात येतो’ किंवा ‘ऑरेलिया हा सायफोझोअन आहे’ असं लिहा. इंग्रजीत वर्गाचं पहिलं अक्षर मोठं, पण ते तिरपं किंवा अधोरेखित करायचं नाही. तसं फक्त प्रजाती-जातीच्या नावाला, म्हणजे ऑरेलिया ऑरिटाला. ‘सायफोझोअन’ वाक्याच्या मध्ये आलं तर लहान अक्षराने.

फील्ड ट्रिपला ओखा किंवा पिरोटनला गेलात आणि कडेला एकही शुंडक (दोऱ्यासारखा लोंबणारा अवयव) नसलेली, खाली तोंडाभोवती आठ जाड मुखबाहू असलेली जाड घंटा दिसली, तर तो सायफोझोआतल्या रायझोस्टोमी गणातला. गुजरातच्या किनाऱ्यावर मिळणारे रोपिलेमा आणि कॅटोस्टायलस याच गणातले. वाळूत मेलेला पडलेला असला तरी उघड्या हाताने उचलू नका. प्राणी मेल्यानंतरही दंशपेशी फुटतात.