महागाई शून्यावर, कर्ज मात्र साडेनऊवर

प्रश्न : वय ४६, सुदामानगर, इंदूर. प्राप्तिकराच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात, नवी करप्रणाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई शून्याजवळ आली, व्याज आणखी उतरेल म्हणतात. १५ लाखांची एफडी या महिन्यात सुटते. पाच वर्षांसाठी बांधू का? एजंटच्या सांगण्यावरून गॅरंटीड पॉलिसीही घेतली (वर्षाला १ लाख, १० वर्षं, पंधराव्या वर्षाअखेर १८ लाख), ती दहा दिवसांपूर्वी हातात आली. हाउसिंग फायनान्स कंपनीचं २८ लाखांचं गृहकर्ज बाकी आहे, ९.४ टक्के, १५ वर्षं.

उत्तर : बांधू नका. एफडीवर ६.५ टक्क्यांनी ९७,५०० येतील, कर जाऊन ७७,०००. तेवढ्याच कर्जावर तुम्ही १.४१ लाख व्याज भरताय. वर्षाला ६४,००० पाण्यात, आणि हे तुम्ही विचारलंही नाहीत!

रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ वर आणला. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही. त्या आपल्या पीएलआरवर, म्हणजे स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर चालतात, सूट बहुधा नव्या गिऱ्हाइकाला देतात. जुना बोलत नाही तोवर त्याचा दर अनेकदा तसाच.

ऑक्टोबर २०२५ ची ०.२५ टक्के महागाई मुख्यतः भाजीपाला-डाळी उतरल्यामुळे होती. मंडीत कांदा-बटाटा स्वस्त झाला म्हणजे चलनघट नव्हे. खऱ्या चलनघटीत भाव, पगार, उधारी सगळंच आटतं. जपाननं १९९९ मध्ये व्याज शून्यावर नेलं, २०१६ मध्ये शून्याखाली. पण जुनी देणी फेडण्यात गुंतलेल्या कंपन्यांना नवं कर्ज नकोच होतं. मध्यवर्ती बँक पैसा स्वस्त करते, घ्यायला लावू शकत नाही. तशा काळात पगार गोठतो, हप्ता तेवढाच राहतो. त्या भीतीनं एफडी बांधत असाल, तर आधी कर्ज उतरवा.

३ लाख अडीनडीला ठेवून १२ लाख कर्जात भरा. फ्लोटिंग वैयक्तिक गृहकर्जावर दंड लागत नाही. अर्जात ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं स्पष्ट लिहा. मग दर कमी करण्याची लेखी मागणी करा. आठच्या खाली येत नसतील तर कर्ज बँकेत हलवा. भरणा आधी, बदली नंतर, म्हणजे प्रक्रिया शुल्क १६ लाखांवरच लागेल. वकील, मूल्यांकन आणि गहाणखताचा खर्च बँकेकडून आधी लेखी घ्या. ७.७५ टक्के धरले, तर आताच्याच २९,००० च्या हप्त्यात कर्ज पावणेसहा वर्षांत संपतं.

पॉलिसी परत करा. एजंट ‘८० टक्के फायदा’ म्हणाला असेल; पैसा सरासरी साडेदहा वर्षं अडकतो, परतावा वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. मिळाल्यापासून पॉलिसी परत करायला ३० दिवसांची ‘फ्री लूक’ मुदत आहे, तुमचे वीसच उरलेत. अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचं विमा संरक्षण कापून बाकी रक्कम परत येते. एजंटच्या हाती अर्ज देऊ नका, तो ‘उद्या देतो’ म्हणत वीस दिवस घालवील.